‘गिअर निसटतो’ हे कोणत्या भाषेत लिहायचे?

यंत्राची भाषा इंग्रजी, आणि मराठी ही सणावाराची, सभेची व मोर्च्याची भाषा, अशी वाटणी आता आपल्यातीलच शिकलेली मंडळी बिनदिक्कत करू लागली आहेत. बेळगावात ओतशाळा आणि यंत्रभागांचे कारखाने उभे असताना, तेथील लेथवर मराठी कामगारांचे हात चालत असताना हे बोलले जाते, याचे अधिक वैषम्य वाटते. हा दावा पुराव्यावर तपासू. पुराव्यासाठी जुन्या बुलेटचा गिअर पुरेसा आहे.

१९५५ साली स्थापन झालेल्या एन्फिल्ड इंडियाच्या मद्रासच्या कारखान्यातून आलेल्या या जुन्या गाडीचे चार गिअर उजव्या पायाने टाकायचे असतात: पहिला वर, उरलेले तीन खाली. शेजारी टाचेने दाबायची एक लहान दांडी असते. दुसऱ्या, तिसऱ्या वा चौथ्या गिअरमधून ती गाडी थेट न्यूट्रलमध्ये आणते. मालक गाडी घेऊन येतो आणि म्हणतो, “गिअर बिघडला.” जाणता मिस्त्री एवढ्यावर पाना उचलत नाही. तो विचारतो, गिअर पडत नाही, ओलांडतो, की निसटतो?

ही तीन वेगळी दुखणी आहेत. गिअर पडत नसेल तर आधी क्लच पाहावा. तो पुरता सुटत नसेल तर उभ्या गाडीत गिअर टाकताना दाते खरखरतात; तेथे केबल जुळवावी, गिअरबॉक्सला हात लावू नये. क्लच ठीक असून, पाय पूर्ण दाबूनही गिअर पडत नसेल, तर बदलयंत्रणेची चाल अपुरी आहे. मग बाहेरचे झाकण काढून, चालीची मर्यादा ठरवणाऱ्या पट्टीवर खटक्याच्या चकतीच्या खुंट्या जेथे टेकतात, तेथे कानशीचा अगदी हलका हात द्यायचा. गिअर ओलांडत असेल, म्हणजे दुसऱ्यावर किंवा तिसऱ्यावर न थांबता पुढे रिकाम्या जागेत जात असेल, तर चाल जास्त आहे. येथे कानस निरुपयोगी. घासलेले लोखंड परत भरून येत नाही, कमी चालीची नवी पट्टीच घालावी लागते. पडलेला गिअर रेस देताच निसटत असेल, तर यंत्रणा बसवताना सरकली आहे का ते पाहावे. पण दात्यांच्या कडा झिजून गोल झाल्या असतील, तर बाहेरून केलेली सारी जुळवणी व्यर्थ. गिअरबॉक्स खोलावाच लागतो.

यात कोणती गोष्ट मराठीला पेलली नाही? भागांची काही नावे इंग्रजी आहेत, पण रोगनिदान करणारी क्रियापदे सगळी मराठी आहेत. पाना, कानस, खटका, खुंटी, दाते हे शब्द कोणत्याही समितीने घडवलेले नाहीत. ‘गिअर’, ‘क्लच’ हाकलून त्यांच्या जागी संस्कृत समास बसवू पाहणाऱ्या शुद्धिवाद्यांनाही माझे हेच उत्तर आहे. आमच्या कचेरीतील वकील, दावा, अर्ज, फिर्याद हे शब्द बाहेरूनच आले. शिवकाळात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, तरी ते टिकले आणि मराठी झाले. क्लचही तसाच झाला आहे.

भाषेची ही सूक्ष्मता हरवली की नुकसान खऱ्या माणसाचे होते. जुनी गाडी विकत घेणारा म्हणतो, गिअरबॉक्स आतून गेला होता. विकणारा म्हणतो, किरकोळ जुळवणी बाकी होती. या वादाचा निकाल ‘निसटतो’ आणि ‘पडत नाही’ यांतील फरकावर ठरू शकतो. मिस्त्रीची साक्ष दुसऱ्या भाषेत उतरवताना दोन्हींच्या जागी ‘गिअरमध्ये दोष’ एवढेच आले, तर साक्षीदार खरे बोलूनही पक्षकार हरतो.

आपण राज्यघटनेच्या कलम ३५०चा आधार घेऊन आपल्या भाषेत निवेदने देतो, कलम ३५०-अ दाखवून मुलांसाठी मातृभाषेतील प्राथमिक शिक्षण मागतो. ते हक्काचे आहे आणि मागितलेच पाहिजे. कलम २९ भाषा जतन करण्याचा हक्क देते. जतनाचे काम मात्र कोणतेही सरकार आपल्या वतीने करणार नाही. शासनाने मराठीत कागद द्यावा म्हणून आपण रस्त्यावर उतरतो आणि आपल्याच गल्लीतील मिस्त्रीचे ज्ञान कागदावर आणत नाही, ही विसंगती प्रतिपक्षाने दाखवण्याआधी आपणच दूर करावी.

उजव्या पायाचा गिअरबॉक्स खोललेली पिढी आता थकली आहे. तिच्याबरोबर हे शब्दही जातील. म्हणून बेळगाव, निपाणी, फोंडा, इंदूर, बडोदा, जिथे आपण असाल तिथे, एका मिस्त्रीजवळ बसा. एकच बिघाड घ्या. तो कसा ओळखायचा, काय जुळवायचे, केव्हा थांबायचे, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. त्यात कानडी, कोकणी, हिंदी, गुजराती शब्द आले तर खोडू नका. तेही आपल्या वस्तीच्या मराठीचा पुरावा आहेत. खाली गाव आणि तारीख घाला. यंत्राची भाषा कोणती, या वादात तो कागद आपल्या बाजूने दाखल करता येईल.