दिसत नाही? मग चाचपून बघा!

काशीच्या ब्रह्मा घाटाजवळ मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथे गंगेत उतरताना पाण्याखालची पायरी दिसत नाही, पायाच्या अंगठ्याने चाचपावी लागते. अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपही असाच चाचपतो! बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी १९८६ मध्ये तो जगापुढे आणला. लवचीक पट्टीच्या टोकाला अतिसूक्ष्म सुई असते. पट्टी किती वाकली हे लेझर सांगतो. गंमत म्हणजे हे पाण्यातही चालतं, त्यामुळे जिवंत पेशीही तपासता येते.

पुण्याच्या आयसरमध्ये शिवप्रसाद पाटील यांचा गट याच तंत्राने स्नायूंमधल्या टायटिन प्रथिनाचा भाग ओढून त्याचा ताण मोजतो. एका रेणूचा, बरं का! हृदयात रक्त भरताना स्नायू ताणला जातो, तेव्हा स्प्रिंगचं काम टायटिन करतं. त्याच्या जनुकात बिघाड झाला, तर हृदय फुगून कमजोर होऊ शकतं.