भेंडीचे टोक
(बी. ए. द्वितीय वर्ष)

सेलूच्या आठवडी बाजारात माझी आई भाजी घेऊन बसते. हे मी आजवर वर्गात कुणाला सांगितलेले नाही; आता अंकातच लिहिते आहे म्हणजे सर्वांना एकदमच कळेल. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. माझे खोलीभाडे आणि वह्या-पुस्तकांचा खर्च त्या गोणपाटावर मांडलेल्या भाजीतूनच निघतो. तेव्हा भाजी निवडण्याविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजते.

ताजी भाजी कशी ओळखावी याचे धडे हल्ली जो तो देतो. त्यातला पहिला ठरलेला : भेंडीचे टोक मोडून पाहा. कट्कन मोडले तर कोवळी, नुसते वाकले तर जून. धडा खोटा नाही. भेंडी वाढू लागली की तिच्यात दोरा धरतो आणि मग ती मोडत नाही. पण हा धडा गिरवणारे गिऱ्हाईक दहा भेंड्या मोडते, चार घेते आणि सहा परत ढिगात टाकून निघून जाते. मोडलेले टोक थोड्याच वेळात काळे पडते, आणि पुढचे गिऱ्हाईक तीच भेंडी बोटाने बाजूला सारते. दिवस मावळताना आईच्या टोपलीत उरतात त्या ह्याच. बाजाराच्या रात्री आमच्या घरी भेंडीची भाजी असते ती काही आवड म्हणून नव्हे.

बरे, हे करणारे अडाणी असतात असे नाही. चांगली शिकलेली माणसे असतात. आमच्या गुरुजनांपैकीही काहीजण मला तसे करताना दिसले आहेत, हे नम्रपणे नमूद करते.

उन्हाळ्यात भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. एक तोडा चुकला की ती निबर झालीच. तिच्या अंगावरची बारीक लव हाताला खाजते, म्हणून आई माझे जुने पायमोजे हातांत घालून तोडते. (पायमोजे घालून आई कशी दिसते ते पाहून आम्ही पूर्वी हसायचो.) परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात 'परभणी क्रांती' हे भेंडीचे वाण दिले. केवडा रोगाने भेंडीची पाने पिवळी पडून पीक हातचे जायचे, त्या रोगापुढे हे वाण टिकले आणि परभणीचे नाव दूरदूरच्या शेतकऱ्यांच्या तोंडी झाले. त्याच परभणी जिल्ह्यात राहून आपल्याला भेंडी मोडल्यावाचून ओळखता येऊ नये!

ओळखता येते. देठ पाहावा : हिरवा, ओलसर असेल तर आजची तोड, काळपट सुकलेला असेल तर शिळी. अंगावर लव शाबूत असावी. लांबी बोटाएवढी पुरे. शिरा उठलेली, फिकट, लांबलचक भेंडी मोडून पाहायचे कारणच नाही, ती जूनच. वांगेही तसेच. देठ हिरवा, साल चकचकीत आणि आकाराच्या मानाने हाताला हलके लागले तर घ्यावे. जड वांग्यात बिया असतात. यात नख कुठेच लावावे लागत नाही.

पण माझ्या मते खरी निवड बाजारात जाण्याआधीच झालेली असते. भेंडी उन्हाची आणि पावसाळ्याची. कडाक्याच्या थंडीत तिचे बीसुद्धा धड उगवत नाही. तरी जानेवारीत भेंडी मागायची आणि मग ती निबर निघाली म्हणून विकणारीवर डाफरायचे, याला काय म्हणावे? त्या दिवसांत मेथी असते, हरभऱ्याचे सोलाणे असतात, वांगी, गाजरे असतात. भोगीला आपण हे सगळे एका पातेल्यात शिजवून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीशी खातोच की. पावसाळ्यात अंबाडी घ्यावी. उकडून, पिळून, ज्वारीच्या कण्या घालून वर लसणाची चरचरीत फोडणी दिली की दुसरे काही लागत नाही. भेंडी मात्र धुऊन, कोरडी पुसून मगच चिरावी, थोडा चिंचेचा कोळ घालावा आणि मीठ शेवटी टाकावे. चिकटपणा जातो.

आता एक कबुली. मागच्या वर्षी खोलीवरच्या मैत्रिणींसोबत मी संध्याकाळी भाजी आणायला गेले. आईचा बसण्याचा दिवस नव्हता. मैत्रिणींपुढे आपण हुशार दिसावे म्हणून मी एका म्हाताऱ्या बाईच्या ढिगातल्या सात-आठ भेंड्या कटाकट मोडल्या.

"कामून मोडू लागलीस, माय?" ती म्हणाली.

मी म्हणाले, "कोवळी आहे का बघू लागले, मावशी."

ती काही बोलली नाही. मोडलेल्या भेंड्या एकेक उचलून तिने पदरात टाकल्या. त्यांचे रात्री काय होणार हे त्या घोळक्यात मला एकटीलाच ठाऊक होते, तरी मी पावशेर तोलून घेतली ती ढिगातली धडकी भेंडीच.

हे मी आईला सांगितलेले नाही. तिला वाचता येत नाही. हा अंक घरी नेईन तेव्हा तो मलाच वाचून दाखवावा लागेल, आणि एवढा भाग गाळायचा की नाही ते माझे अजून ठरलेले नाही.