पोळ्या कोण करणार?

मैत्रिणींनो, या सदरात एरवी मी लोणच्यावरची बुरशी, मुलांची परीक्षा, पाहुण्यांचा स्वयंपाक असले विषय घेते. आजचा विषय आमच्याच घरातला आहे. तो आत्ता कुठं जरा निवलाय, म्हणून लिहायला धजले.

झालं असं, की उन्हाळा संपता संपता एका दुपारी माझी धाकटी जाऊ स्वयंपाकघरात आली आणि मोबाइल माझ्यापुढं धरून म्हणाली, "ताई, नंबर लागला." गोवा विद्यापीठात एम.एस्सी.ला, समुद्रविज्ञानाला. प्रवेशपरीक्षा दिल्याचं मला ठाऊक होतं, पण तेवढ्यावरच राहील अशी माझी समजूत होती. तोंडानं मी "अगं बाई, छान!" म्हटलं. मनात मात्र पहिला विचार आला तो असा, की मग पोळ्या कोण करणार? आमच्याकडं नऊ माणसं. दोन्ही वेळच्या मिळून चाळीस पोळ्या होतात. मी लाटते, ती भाजते. दोन वर्षं मी एकटीनं लाटायच्या आणि भाजायच्या? सल्ला देणाऱ्या बाईच्या मनात असं येतं हे छापायला जरा लाजच वाटते, पण आलं ते आलं.

ती बी.एस्सी. आहे, प्राणिशास्त्र घेऊन. लग्नाला सात वर्षं झाली, मुलगी पाच वर्षांची. मधली वर्षं ती इथंच एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत अर्धवेळ जायची. पहिला प्रश्न सगळ्यांनी तोच विचारला: एम.एस्सी.च करायची तर कोल्हापूर काय वाईट? सांगलीहून पन्नास किलोमीटर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. पण समुद्राचं शास्त्र शिकायचं तर समुद्रापाशीच जायला हवं. कोची आहे, मुंबईला वर्सोव्याची मत्स्यशिक्षण संस्था आहे, आणि गोवा आहे. गोव्यात ताळगावच्या पठारावर विद्यापीठ, आणि तिथून जवळच दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, १९६६ साली स्थापन झालेली. तिन्हींत गोवाच आम्हांला जवळ. मिरजेला रात्री गोवा एक्सप्रेसमध्ये बसलं की पहाटे मडगाव येतं.

घरात बैठक बसली. मामंजींचं म्हणणं, तिकडं पाऊस फार, घाटात दरडी कोसळतात. हे खोटं नाही. २०२१ च्या जुलैमध्ये दूधसागरजवळ दरड येऊन रेल्वेगाडीचे डबे घसरले होते, आणि आंबोलीच्या घाटाचा पावसाळ्यात काही नेम नसतो. पण मी म्हटलं, मामंजी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा आपण सगळे कुठं होतो? माडीवर, बिस्किटं खात! पाण्याला भ्यायचं तर सांगलीकरांनी आधी सांगली सोडायला हवी. ते हसले आणि पावसाचा मुद्दा तिथंच मिटला.

मी डॉ. अदिती पंत यांचं नाव काढलं. नागपूरला जन्म, पुण्याच्या बी.एस्सी., दोनापावलाच्या त्याच संस्थेत समुद्रावर काम केलं आणि १९८३ मध्ये अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघाल्या. त्या आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या तिथं जाणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "असतील. पण धाकटीची पोरगी रात्री पाणी मागते, ते अंटार्क्टिकाहून कोण देणार?" त्यांना उत्तर द्यायला मला सुचलं नाही. थोरामोठ्यांची उदाहरणं अशा वेळी उपयोगी पडत नाहीत, हे मी तेव्हाच शिकले. कौतुक करून माणसं पुन्हा आपल्या मुद्द्यावर येतात.

भाऊजींचा विरोध नव्हता. ते सहकारी बँकेत आहेत, बँकेची शाखा गोव्यात नाही, म्हणजे बदलीचा प्रश्न नाही. ते एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत होते: "तू जा, मी बघीन सगळं." आता "सगळं" हा शब्द पुरुषमाणसांच्या तोंडी फार सोपा असतो. मी वहिनीच्या अधिकारानं कागद-पेन आणून त्यांच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, सगळं म्हणजे काय ते लिहा. त्यांनी लिहिलं: शाळेत सोडणं, आणणं, अभ्यास. थांबले. मग मी आणि जाऊ सांगत गेलो. वेणी. वेणीआधी गुंता काढणं. डबा, आणि डबा परत आला तर का आला ते विचारणं. नखं. ताप आला तर रात्री दर दोन तासांनी उठणं आणि सकाळी बँकेत कळवणं. शाळेतल्या पालकसभा. वाढदिवसाला मैत्रिणींना काय द्यायचं ते. लहान झालेले कपडे बाजूला काढणं. कागदाची दुसरी बाजू लागली तेव्हा भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण माणूस भला. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला, फाडला नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा प्रसंग आला तर हा कागद आधी करा. परवानगीवर चार दिवस भांडण्यापेक्षा कागदावर एक संध्याकाळ घालवावी. कोण नाराज आहे ते त्यानं कळत नाही, पण काम कुठं अडणार आहे ते कळतं.

दुसरं सांगते ते गाव बघण्याबद्दल. समुद्रकाठचं गाव आपण बघितलेलं असतं ते डिसेंबरात, सहलीला. तिथं राहायचं की नाही हे डिसेंबरात ठरवू नये. आम्ही दोघी मृग लागून चार दिवस झाल्यावर गेलो. सांगलीत वर्षभराचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास. गोव्यात तो तीन हजारांच्या घरात, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांतच. वर्ग सुरू होतात तेही नेमके त्याच दिवसांत. खोली बघायला गेलो तर भिंतीला हात लावला की ओला. कपाटात आधीच्या मुलीनं विसरलेली चामड्याची चप्पल होती, तिच्यावर हिरवी मखमल उगवलेली! सुती कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. खोली घेताना आतल्या आत दोरी बांधायला जागा आहे का, हे भाड्याच्या आधी विचारायचं.

एका घरमालकीणबाईंनी गोड बोलून सगळं दाखवलं आणि शेवटी म्हणाल्या, नाताळात महिनाभर खोली सोडावी लागेल, तेव्हा पाहुणे येतात. परीक्षेच्या सुमाराला पोरीनं बाडबिस्तरा घेऊन जायचं कुठं? तेव्हा करार किती महिन्यांचा, मधे खोली सोडायची अट आहे का, हे कागदावर घ्या. आम्ही शेवटी मुलींच्या वसतिगृहाचाच अर्ज भरला. एका खोलीत दोघी, पण नाताळात कुणी बाहेर काढत नाही.

बरोबर काय द्यायचं ते ओघात सांगून टाकते. ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांपुरतंच द्या, दमट हवेत लवकर कडवट होतं. रवा भाजूनच भरा. मिठाला काचेची घट्ट झाकणाची बरणी, त्यात थोडे तांदळाचे दाणे. शेंगदाण्याचा कूट देऊ नका, आख्खे भाजलेले दाणे द्या. कपड्यांत कापूर ठेवा. आणि तिकडच्या उकड्या तांदळाला नाकं मुरडायची नाहीत, असं मी तिला बजावलं. सवय व्हायला महिना लागतो, पण पोटाला तो हलका असतो.

मुलीला बरोबर न्यायचं, असा तिचा पहिला बेत होता. गोव्यात मराठी प्राथमिक शाळा आहेत, भाषेची अडचण नाही. मलाही तेच बरं वाटत होतं (यात माझा स्वार्थ होता, एक वेणी कमी). पण तिथं शिकणाऱ्या एका मुलीशी बोलल्यावर बेत फिसकटला. या शिक्षणात खाडीच्या चिखलात, खारफुटीत, खडकांवर जाऊन नमुने गोळा करावे लागतात आणि ते ओहोटीलाच. ओहोटी काही शाळेच्या घंटेवर येत नाही. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढं सरकते. आज सकाळी सातला ओहोटी असली तर आठवड्यानं ती दुपारी एकच्या सुमाराला. आता सांगा, पाच वर्षांच्या मुलीला सांभाळायला बाई ठेवायची तर तिला वेळ कोणती सांगायची? एक दिवस पहाटे साडेपाच आणि एक दिवस दुपारी? परक्या गावात, ओळखीचं कुणी नसताना? परतीच्या गाडीत जाऊ खिडकीकडं तोंड करून बसली होती. मिरज येईपर्यंत बोलली नाही. उतरताना म्हणाली, "ताई, राहू दे. एवढं काही अडलं नाही माझं."

त्या वाक्यानं मला फार टोचलं. कारण ते वाक्य माझं आहे. मी बी.ए. झाले तेव्हा आमच्या बाईंनी मला बोलावून एम.ए.ला नाव घाल म्हटलं होतं. कोल्हापूरलाच, वसतिगृहसुद्धा नको. त्या वर्षी माझं लग्न झालं. मला कुणी नाही म्हटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. आज मी शाळेत तासाच्या हिशेबावर शिकवते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नसतात, म्हणून पैसेही नसतात. सासूबाई चांगल्या आहेत, हेही चांगले आहेत, तेव्हा दोष कुणाला द्यायचा? मी स्टेशनवरच तिला म्हटलं, तू राहू दे म्हणू नकोस. घरच्यांना म्हणू दे. ते म्हणाले तर बघू.

घरी आल्यावर पुन्हा बैठक झाली, आणि या वेळी अवघड प्रश्न सासूबाईंनीच विचारला. म्हणाल्या, "दोन वर्षं काय, जातील. पुढं काय? सांगलीला समुद्र आहे का?" हा प्रश्न सगळ्यांनी टाळला होता. खरंच आहे. या शिक्षणानंतरची कामं बहुतेक किनाऱ्यालाच. संशोधन संस्थांत प्रकल्पावरची नेमणूक, मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांच्या प्रयोगशाळा, बंदराचा किंवा रस्त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासणारी मंडळी. प्राध्यापकीसाठी नेट परीक्षा आहे, तिच्यात समुद्रविज्ञानाचा विषय आहे, पण तो शिकवणारी महाविद्यालयंही आपल्या भागात कुठं? म्हणजे दोन वर्षांनी हा प्रश्न पुन्हा उभा राहणार, आणि तेव्हा प्रश्न भाऊजींनी नोकरी सोडायची का, असा असेल. जाऊ म्हणाली, "मला आज उत्तर नाही देता येत." भाऊजी म्हणाले, "मलाही नाही." आणि गंमत बघा, दोघांनी थापा मारल्या नाहीत म्हणूनच असेल, पण सासूबाई जरा सैलावल्या.

ठरलं ते असं. पहिलं सत्र मुलगी इथंच राहील. आई महिन्यातून एकदा येईल, घाट बंद असला तर येणार नाही, आणि त्यावरून कुणी बोलायचं नाही. रात्रीचं पाणी भाऊजींकडं. संध्याकाळच्या पोळ्यांना बाई लावायची, तिचा पगार भाऊजी देणार. हे मी मागून घेतलं, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. सकाळच्या पोळ्या मी लाटते आणि आमचे हे भाजतात. पहिल्या आठवड्यात भारताचे, लंकेचे, आफ्रिकेचे सगळे नकाशे खाल्ले आम्ही. दिवाळीला सगळ्यांनी पुन्हा बसायचं. मुलगी सुकली असेल तर वेगळा विचार करायचा, आणि "मी म्हटलंच होतं" हे वाक्य घरात कुणी उच्चारायचं नाही. फी शेवटच्या दिवशी भरली.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. पोरगी फोनवर आईचं तोंड बघितलं की रडायची, म्हणून फोनच बंद करावा का असं वाटायला लागलं. मग जावेनं तिला रोज एक शिंपला, एक खेकडा असं काही तरी दाखवायला सुरुवात केली. आता ती आधी विचारते, "आज काय सापडलं?" रडते अजून, पण नंतर रडते.

सासूबाईंचं मात्र वेगळंच चाललंय. जावेनं फोनवर एकदा सांगितलं, की कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तिथी चार असेल तर भरती साधारण तीनला, आणि तिच्या आधी सहा-सव्वासहा तास ओहोटी. गणित सासूबाईंच्या हातातलं. कालनिर्णय भिंतीवर आहेच. काल नागपंचमीचा सण, धाकटीला येता आलं नाही, म्हणून घर जरा गप्पच होतं. आज सकाळी मी कणीक मळत होते, तर त्या कालनिर्णयापुढं उभ्या राहून बोटं मोजत होत्या. "आज षष्ठी. म्हणजे भरती साडेचारला. ओहोटी साडेदहाच्या आत." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आत्ता फोन करू नकोस गं तिला. चिखलात असेल ती."