बंदुकीचा आवाज कोणी ऐकावा?

अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरवर १९३४ पासून लागू असलेला २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी केलेल्या अर्थविषयक कायद्यातील ही तरतूद आहे. नोंदणीची अटही काढून टाकण्याचा प्रतिनिधीगृहाचा प्रस्ताव मात्र सिनेटच्या नियमांत बसला नाही.

१९३४ साली दोनशे डॉलर ही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची रक्कम होती. नाव कराचे असले तरी उद्देश बंदीचाच होता. पुढे नव्वद वर्षे ती रक्कम तेवढीच राहिली आणि चलनवाढीने ही बंदी आपोआप झिजत गेली. आज ४२ राज्यांत सायलेन्सर बाळगता येतो. त्यांपैकी कनेक्टिकट वगळता सर्वत्र तो शिकारीसाठीही वापरता येतो.

शिकाऱ्यांचा युक्तिवाद श्रवणशक्तीच्या रक्षणाचा आहे आणि तो पोकळ नाही. रायफलचा बार सुमारे १६० डेसिबलचा असतो. १४० डेसिबलच्या पुढचा क्षणिक आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो. सायलेन्सरमुळे आवाज साधारणपणे २० ते ३५ डेसिबलने घटतो. हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये पेटंट घेतलेल्या या साधनाचे तत्त्व मोटारीच्या सायलेन्सरसारखेच आहे : तप्त वायूला नळीतच पसरू देऊन त्याचा जोर कमी करणे. ध्वनीहून वेगवान गोळीचा हवेतील कडाका त्याने थांबत नाही. चित्रपटांतील नि:शब्द बंदूक ही बहुतांशी कल्पनाच होय. नॉर्वे आणि फिनलंडमध्ये तर शिकाऱ्याने सायलेन्सर लावणे ही नित्याची बाब आहे.

विरोधकांचा आक्षेप शिकारीपेक्षा शहरांविषयी आहे. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच येथे १२ जणांचे प्राण घेणाऱ्या हल्लेखोराच्या पिस्तुलाला सायलेन्सर होता. गोळीबार दबलेल्या आवाजात झाला, तर सावध व्हायला मिळणारे मोजके क्षणही हातचे जातात. म्हणूनच परवानाधारक शिकाऱ्याला हे साधन देण्यास हरकत नसावी. पण कोणाकडे किती आहेत, याची नोंद सरकारदरबारी असलीच पाहिजे.

भारतात हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर येथे हौशी शिकारीला वाव उरला नाही आणि सायलेन्सरही निषिद्ध शस्त्रसामग्रीत मोडतो. काझीरंगात गेंड्यांच्या चोरट्या शिकारीत सायलेन्सर लावलेल्या रायफली वापरल्या गेल्या आहेत. रात्रीच्या वेळी गोळीचा आवाज हीच वनरक्षकाला मिळणारी पहिली खबर असते.

अमेरिकेत आता वाद न्यायालयात गेला आहे. १९३७ साली सर्वोच्च न्यायालयाने १९३४ चा कायदा वैध ठरवला तो संसदेच्या कर आकारण्याच्या अधिकाराच्या आधारे. तो करच उरला नसेल तर नोंदणी कोणत्या अधिकाराने, असा सवाल बंदूकधारकांच्या संघटनांनी २०२५ मध्ये दाखल केलेल्या दाव्यांत केला आहे.