अकरा महिने संपल्यावर

सुरतेच्या लिंबायत, उधना परिसरात धुळे, जळगाव, नंदुरबारहून पोटासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. करार बहुधा अकरा महिन्यांचा, कारण वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८च्या कायद्याने नोंदवावा लागतो. मुदत सरली आणि घरमालकाने नूतनीकरण नाकारले, तर?

करारात तशी अट नसेल तर मालकावर सक्ती नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. मात्र नकार देणे वेगळे आणि खोलीला कुलूप ठोकणे वेगळे. ताबा न्यायालयामार्फतच घ्यावा लागतो. बळाने हुसकावलेला भाडेकरू १९६३च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ अन्वये सहा महिन्यांत दावा लावू शकतो. तेथे मालकीचा प्रश्न आड येत नाही.

जुन्या पेठांतील भाडेकरूंची कथा निराळी. मुंबई प्रांताचा १९४७चा भाडे नियंत्रण कायदा गुजरातने १९६० नंतरही ठेवला. महाराष्ट्राने १९९९मध्ये नवा केला. त्या जुन्या कायद्यात केवळ मुदत संपणे पुरत नाही. थकबाकी, पोटभाडेकरू वा मालकाची खरी गरज सिद्ध करावी लागते. आपला गोव्याचा १९६८चा कायदाही याच कुळीतला.

अकरा महिनेवाल्याला हे छत्र सहसा लाभत नाही. पण मुदतीनंतरही मालक भाडे घेत राहिला, तर एरवी भाडेपट्टा महिनेवारीने चालू असल्याचे मानतात आणि तो संपवण्यास पंधरा दिवसांची नोटीस लागते. त्याचा पुरावा म्हणजे पावती. रोखीने भाडे देणारा कामगार ती मागायलाच कचरतो.