कार्यालयाला धर्म नसतो

उत्तरेकडील एका राज्यात कार्यालयप्रमुख म्हणून रुजू झालो, त्या वर्षी १७ सप्टेंबरच्या विश्वकर्मा पूजेचा यजमान मीच होतो. वर्गणीची यादी प्रथेप्रमाणे बडेबाबूंनी फिरविली होती. पूजेनंतर ती सहज चाळली आणि चमकलो. अगदी पहिले नाव, इतर शिपायांच्या दुप्पट रकमेसह, कार्यालयातील एकमेव मुसलमान शिपायाचे होते. त्याच्यावर कोणी सक्ती केली नव्हती. सक्तीची गरजच नव्हती. यजमान म्हणून साहेबांचे नाव होते, आणि त्याची रजा व बदली साहेबांच्याच सहीने होत असे. मी त्या दिवशी काही बोललो नाही, ही माझी चूक होती.

राज्यघटनेचे कलम २५ धर्माचरणाचे स्वातंत्र्य सर्व व्यक्तींना देते. कार्यालय ही श्रद्धा बाळगणारी व्यक्ती नव्हे. कर्मचाऱ्याच्या कपाळावरील गंध, शिखाची पगडी, गळ्यातील क्रूस यांना कोणी हात लावू नये. ते त्या व्यक्तीचे आहे. परंतु साहेबांच्या खुर्चीमागील भिंत, कामकाजाची वेळ आणि अधिकाऱ्याचा हुद्दा ही नागरिकांची ठेव आहे. तिच्यावर आपल्या दैवताचा शिक्का मारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

यावर ठरलेले उत्तर येते: हा धर्म नव्हे, ही संस्कृती आहे. महाराष्ट्रात सत्यनारायण, दक्षिणेत आयुधपूजा, पूर्वेकडे विश्वकर्मा. सगळीकडे हेच समर्थन ऐकले. न्यायालयेही या बाबतीत कठोर झालेली नाहीत. उच्च न्यायालयाच्याच नव्या इमारतीच्या भूमिपूजनाविरुद्धची याचिका गुजरात उच्च न्यायालयाने २०११ साली फेटाळली. परंतु जे बेकायदा नाही ते सारे उचित ठरते काय? ज्या प्रथेतून अंग काढून घेण्याचे धैर्य शिपायाला होत नाही, तिला संस्कृती म्हणणे हा केवळ बहुसंख्याकांचा सोयीस्कर समज आहे.

दुसरा आक्षेप असा की, मग सरकारी इफ्तारचे काय? आक्षेप रास्त आहे. तीही बंद व्हावी. २०१८ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी राष्ट्रपती भवनात करदात्यांच्या पैशातून कोणताही धार्मिक सण साजरा होणार नाही, असे ठरविले, तेव्हा इफ्तारही थांबली. नियम सर्वांना सारखा असला की कोणाला अन्याय वाटण्याचे कारण उरत नाही. मार्च २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या न्यायालयीन इमारतीच्या भूमिपूजन समारंभातच सर्वोच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती अभय ओक यांनी सांगितले की, अशा कार्यक्रमांतील पूजाअर्चा थांबवून उद्देशिकेपुढे नतमस्तक व्हावे.

परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या वर्षी मी यजमान होण्यास नकार दिला आणि यादी फिरवू दिली नाही. ज्यांना पूजा करावयाची होती त्यांनी सुटीच्या दिवशी, आपल्या खर्चाने, कार्यालयाबाहेर केली. काही सहकारी बरेच दिवस माझ्याशी तुटकपणे वागले. त्या दिवशी कार्यालय मात्र ठरल्या वेळी उघडले, आणि पेन्शनच्या कामासाठी दूरच्या गावाहून आलेल्या वृद्धाला "आज पूजा आहे, उद्या या" असे कोणी सांगितले नाही.