विश्लेषण : दीर्घिकासमूहांतील ‘अनाथ’ तारे आले कुठून?

विश्वात असंख्य तारे कोणत्याही दीर्घिकेत न राहता एकटे फिरत आहेत. हे तारे अब्जावधी वर्षांत हळूहळू जमले, असा समज होता. नव्या दुर्बिणींच्या निरीक्षणांमुळे त्याचा फेरविचार सुरू झाला आहे.

हा प्रकाश म्हणजे काय?

आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा शेकडो ते हजारो दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधल्या गेल्या की दीर्घिकासमूह तयार होतो. या दीर्घिकांमधील जागा पूर्ण काळोखी नसते. तेथील सुट्या ताऱ्यांचा अत्यंत मंद उजेड सर्वत्र पसरलेला असतो. त्याला समूहांतर्गत प्रकाश म्हणतात. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९५१ मध्ये कोमा दीर्घिकासमूहात त्याची नोंद केली होती.

तारे ‘अनाथ’ कसे होतात?

समूहात दीर्घिका एकमेकींच्या जवळून जातात तेव्हा त्यांच्या कडेचे तारे ओढले जातात. दोन मोठ्या दीर्घिका एकत्र होताना काही तारे बाहेर फेकले जातात. लहान दीर्घिका तर पूर्णच विस्कटतात. ही प्रक्रिया संथ असेल, तर जुन्या काळातील समूहांत असे तारे कमी आणि आजच्या समूहांत जास्त दिसायला हवेत.

मग धक्का कशामुळे बसला?

दक्षिण कोरियातील योन्सेई विद्यापीठाच्या संशोधकांनी हबल दुर्बिणीच्या साह्याने दूरचे दहा समूह तपासले. जानेवारी २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. यातील सर्वांत दूरच्या समूहांचा प्रकाश सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी निघालेला आहे. तरीही समूहाच्या एकूण प्रकाशात सुट्या ताऱ्यांचा वाटा सरासरी १७ टक्के, म्हणजे जवळच्या समूहांइतकाच निघाला. म्हणजेच संथ ओढाताण हे मुख्य कारण नसावे. समूहाच्या मध्यभागची प्रचंड दीर्घिका घडतानाच बहुतेक तारे विखुरले गेले असावेत किंवा आधीच सुटे झालेले तारे नंतर समूहात आले असावेत, असे संशोधकांचे म्हणणे आहे.

वाद मिटला का?

नाही. दहा समूहांचा नमुना लहान आहे. शिवाय मध्यवर्ती दीर्घिका नेमकी कुठे संपते आणि सुटे तारे कुठे सुरू होतात, याची सर्वमान्य रेषा नाही. मोजण्याची पद्धत बदलली की टक्केवारीही बदलते. युरोपच्या ‘युक्लिड’ दुर्बिणीने २४ कोटी प्रकाशवर्षांवरील पर्सियस समूहात सुमारे दीड लाख कोटी अनाथ तारे असल्याचा अंदाज २०२४ मध्ये दिला. त्यांचा निळसर रंग पाहता, ते दीर्घिकांच्या कडांवरून सुटले असावेत, असे दिसते. म्हणजे जवळच्या समूहात ओढाताणीच्या खुणाही सापडतात.

याचा उपयोग काय?

दीर्घिकासमूहाचे सुमारे ८५ टक्के वस्तुमान कृष्णद्रव्याचे असते आणि ते थेट दिसत नाही. सुटे तारे मात्र कोणत्याही एका दीर्घिकेला बांधलेले नसल्याने समूहाच्या एकूण गुरुत्वाकर्षणानुसारच फिरतात. हबलच्या प्रतिमांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या प्रकाशाचा आकार कृष्णद्रव्याच्या आकाराशी बराच जुळलेला दिसला. म्हणजे हा मंद उजेड न दिसणाऱ्या द्रव्याचा नकाशाच ठरू शकतो. मात्र तो नकाशा वाचण्यासाठी हे तारे तिथे केव्हा आणि कसे पोहोचले, हे आधी कळायला हवे.

पुढे काय?

आतापर्यंत मोजक्या समूहांवर निष्कर्ष काढावे लागत होते. युक्लिडचे सर्वेक्षण सुरू आहे आणि चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ही वेधशाळा दहा वर्षे दक्षिणेकडील आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे. एकाच जागेची अनेक छायाचित्रे एकत्र केली की अतिमंद प्रकाशही दिसू लागतो. हजारो समूहांची एकाच पद्धतीने मोजणी झाली, तरच १७ टक्क्यांचा आकडा टिकतो की नाही, हे ठरेल.